माग काढून झाला की कुत्री माणसाला सोडून माझ्या पिशवीकडे येते. बक्षीस कुणी, कोणतं, किती द्यावं?

कुळागरवाट:
नमस्कार मंडळी. लॅब्रॅडॉर मादी, वय २ वर्षं, वजन २६ किलो. गोव्यात फोंड्याच्या आसपास कुळागरात (सुपारीच्या बागेत) आणि सड्यावर (कातळी पठारावर) ट्रेलिंग, म्हणजे लपलेल्या माणसाच्या वासावरून तो गेलेल्या वाटेचा माग काढणं, शिकवणं चालू आहे. ट्रेल १५० ते २०० मीटरचा, १५-२० मिनिटं जुना, दोन वळणं. हार्नेस आणि ८ मीटरची दोरी वापरतो. माग छान काढते, पण लपलेल्या माणसाला नुसतं हुंगते आणि लगेच वळून माझ्या कमरेच्या पिशवीपुढे येऊन बसते. हल्ली तर मधल्या वळणावरही मान वळवून माझ्याकडे बघते. दुसरी अडचण: तिसऱ्या ट्रेलनंतर बिस्कीट तोंडात घेते आणि टाकून देते. सुरुवात सकाळी साडेनऊच्या सुमारास होते. बक्षीस बदलायचं की देण्याची रीत?

सड्यावरचा_वारा:
दोन्ही, पण आधी रीत. तिचा हिशेब चोख आहे. माणूस सापडला की पगार तुमच्या कमरेशी मिळतो, मग ती माणसापाशी कशाला थांबेल? आजपासून ट्रेलवर तुमची पिशवी आणि खिसे रिकामे. बक्षीस लपणाऱ्याकडेच.

एक स्टीलची कडीची डबी घ्या, झाकण घट्ट बसणारी, नेहमी तीच. लपणाऱ्याने ती बंद करून मांडीवर धरायची. कुत्रीने नाक लावलं की एका सेकंदात कडी उघडली पाहिजे. उशीर झाला तर ती वळते, आणि मग वळल्याचंच बक्षीस मिळतं. सगळा खाऊ एका घासात संपवू देऊ नका. लहान ताटलीत चमचा चमचा वाढत ३० ते ४० सेकंद खाणं चाललं पाहिजे, सोबत लपणाऱ्याचं कौतुकही. तुम्ही दोरी गोळा करत शांतपणे जवळ या, शाबासकी द्या, हाताने काही भरवू नका. खाणं संपलं की दोरी हार्नेसवरून काढून गळ्यातल्या पट्ट्याला लावा. काम संपलं हे तिला त्या बदलावरून कळतं.

पहिले काही दिवस ती सवयीने तुमच्याकडे येईलच. तेव्हा खांबासारखे उभे राहा, बोलू नका, नजर देऊ नका. लपणाऱ्याने डबीची कडी एकदा वाजवली की पुरे. हे दिवस ट्रेल ३०-४० मीटरचेच ठेवा, म्हणजे एका सकाळी जास्त वेळा ‘माणूस म्हणजे डबी’ हे तिच्या पदरी पडेल.

वळणावर मागे बघते तेव्हा खाऊ कधीच नाही. तिथे थांबा आणि वाट बघा. ती स्वतः नाक खाली घालून पुढे निघाली की हलक्या आवाजात एक शब्द, बस. वळणावर खाऊ दिला तर नाकाचं काम तुटतं आणि पुढच्या प्रत्येक वळणावर ती तुम्हाला विचारत बसते. वाटेवर तुकडे टाकत जाणं हाही तोच घोळ. पावलापावलाने माग काढायच्या खेळात ते चालतं, एका विशिष्ट माणसाचा वास शिकवताना ती तुकड्यांच्या मागे जायला शिकते.

भाटातली_सावली:
वर एक गोष्ट राहिली, आणि घरच्या सरावात बिघडतं ते बहुतेक इथेच. चिकन फाडलेल्या बोटांनी वासाचा रुमाल (सुरुवातीला कुत्रीला हुंगायला देतो तो) पिशवीत भरला, की कुत्रीला सुरुवातीलाच माणूस आणि चिकन असा एकत्र वास मिळतो. ती शेवटी जाते ते चिकनकडे आणि आपण टाळ्या वाजवतो. क्रम असा ठेवा: लपणाऱ्याने आधी रुमाल किंवा मोजा अंगाला पुसून स्वतः नव्या झिपच्या पिशवीत टाकायचा, पिशवी बंद करायची, त्यानंतरच डबीला हात लावायचा. पिशवी एका खिशात, डबी दुसऱ्या हातात. डबी बाहेरून साबणाने धुतलेली हवी. झाकणाच्या खाचेत चिकटलेला रस राहतो, तो जुन्या टूथब्रशने काढा.

खात्री करायची असेल तर, कुत्री पक्की झाल्यावर, तशीच भरलेली डबी घेऊन दुसरा माणूस १५-२० मीटर बाजूला बसवा. त्याने डबी उघडायची नाही, काही बोलायचं नाही, कुत्रीकडे बघायचंही नाही. ती त्याच्यापाशी बसून राहिली, तर ती डबी शोधते आहे असं समजा आणि शिकवण्यात दोन पायऱ्या मागे या.

वाऱ्याचंही बघा. शेवटच्या टप्प्यात वारा लपणाऱ्याकडून येत असेल तर ती माग सोडून नाक वर करते आणि सरळ वाऱ्यावरून माणसाकडे कापत जाते. नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडे पहाटेचा मंद वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला असतो. दिवस चढला की उलटा, समुद्रावरून. म्हणून पहाटेच्या ट्रेलचा शेवट पश्चिमेकडे ठेवला की वारा बहुतेक वेळा कुत्रीच्या पाठीवर राहतो. डोंगरकुशीत आणि माडांच्या दाटीत हे फिरतं, तेव्हा चिमूटभर टाल्कम पावडर सोडून आधी बघून घ्या.

पाटवाले_काका:
बिस्कीट टाकते त्याचं कारण साधं आहे. साडेनऊला सुरू करून तिसरा ट्रेल येईपर्यंत ऊन चढलेलं, कुत्री धापा टाकते, तोंड कोरडं. कोरड्या तोंडात कोरडं बिस्कीट गिळवत नाही. शिवाय तोंड उघडं ठेवून धापा टाकणारं कुत्रं नाकाने नीट हुंगू शकत नाही, म्हणजे काम आणि बक्षीस दोन्ही बिघडतात. साडेसहाला सुरू करा, आठला आवरा. तळहाताची मागची बाजू जांभ्यावर ७ सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर तिच्या पंजालाही ते सोसणार नाही. प्रत्येक ट्रेलआधी आणि नंतर थोडं थोडं पाणी, आणि दोन ट्रेलमध्ये सावलीत धाप पूर्ण बसेपर्यंत विश्रांती.

खाऊ ओला आणि मऊ हवा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन ब्रेस्ट बोटांनी रेषा रेषा सोडवून घ्या आणि त्याच उकडीचे दोन चमचे पाणी डबीत घाला. मांस ओलसर राहतं आणि ती शेवटी ताटली चाटत बसते, म्हणजे माणसापाशी आपोआप जास्त थांबते. उकडलेलं अंडं चालेल. बांगडा किंवा तारलो (तारली) उकडून द्यायचा तर काटा न् काटा चाचपून काढा, घाई असेल त्या दिवशी नकोच. चिकनचं काळीज (लिव्हर) बहुतेक कुत्र्यांना वेड लावतं, पण आठवड्यातून एकदोनदा आणि नखाएवढे तुकडेच. जास्त झालं की जुलाब होतात आणि अ जीवनसत्त्वही प्रमाणाबाहेर जातं. चोरीस (मसालेदार सॉसेज), सुके बांगडे, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), कालच्या हुमणातला (माशाच्या आमटीतला) तुकडा, यांतलं काही नाही. मीठ, मिरची, लसूण, कांदा कुत्र्याला बाधतात. शिजलेलं हाड फुटून टोचतं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही विषच समजा.

प्रमाण: २६ किलोच्या कामकरी कुत्रीला दिवसाला साधारण १२५० ते १३०० किलोकॅलरी लागतात. बक्षिसाचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शात ठेवा, म्हणजे सुमारे १२५. उकडलेल्या चिकन ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅमला १६५ च्या आसपास असतात, तेव्हा सकाळचं एकूण चिकन ७५ ग्रॅम. तीन ट्रेल असतील तर प्रत्येकी २५ ग्रॅम. २५ ग्रॅम म्हणजे रेषा सोडवल्यावर छोटी मूठभर दिसतं, पुरेसं आहे. त्या दिवशी ताटलीतलं कोरडं खाणं ३५ ग्रॅमने कमी करा. पोटभर जेवण कामाआधी नको, आणि काम संपल्यावरही निदान तासभर थांबून द्या, नाहीतर पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो.

चिकन बर्फाच्या डब्यात न्या. डबी उन्हात तासभर राहिली असेल तर ते फेकून द्या, वास येत नसला तरी.

कुळागरवाट:
मनापासून आभार. दोन शंका. शेजारचे लपायला तयार आहेत, पण ताटलीत वाढायला घाबरतात. आणि खरोखर हरवलेला माणूस काही डबी घेऊन बसलेला नसेल, मग पुढे काय?

सड्यावरचा_वारा:
घाबरणाऱ्याने डबी उघडून जमिनीवर ठेवायची आणि पायाने थोडी पुढे सरकवायची, हात लावायची गरजच नाही. फक्त डबी त्याच्या पावलांना टेकलेलीच असावी, चार हात लांब नको.

दुसरी शंका योग्य वेळी विचारलीत. माणूस सापडल्यावर ती न वळता थांबायला लागली, की दहातल्या दोन-तीन ट्रेलना लपणारा नुसता आडवा पडून राहील, हूं की चूं नाही. बंद डबी तुमच्या पाठीवरच्या पिशवीत, कमरेला नको. तिने माणूस दाखवला की तुमचा ठरलेला शब्द, लगेच तुम्ही माणसापाशी पोचायचं आणि डबी त्याच्या कुशीला टेकवून तिथेच उघडायची. तुमच्याजवळ बोलावून दिलीत तर पहिला सगळा घोळ परत सुरू होईल. बाकीच्या सात-आठ ट्रेलना लपणाराच वाढेल. माग काढणाऱ्या कुत्र्याचं शेवटचं बक्षीस कधी बंद करू नका, ते फक्त कुणाच्या हातून येईल हे बदलायचं.

ट्रेल फसला, ती भरकटली, तर समजूत म्हणून खाऊ देऊ नका आणि ओरडूही नका. जिथपर्यंत तिची खात्री होती तिथे परत न्या, लपणाऱ्याला १५ मीटरवर आणा आणि सोपा शेवट करून नेहमीइतकंच वाढा.

भाटातली_सावली:
वाड्यावरच्या कुत्र्यांसाठी एक जोड: वाढायचं ते ताटलीतच, गवतात नाही. सांडलेला तुकडा वेचून घ्या, नाहीतर पुढचा ट्रेल त्या जागेवरून गेला की ती तिथेच घोटाळते आणि गावठी कुत्रीही जमतात. आणि सड्यावर लपणाऱ्याने दगडांच्या ढिगाला टेकून बसू नये. फुरसं त्याच रंगाचं असतं. जागा आधी काठीने चाळून घ्या, ताटली मोकळ्या कातळावर.

पाटवाले_काका:
खेळणं वापरायचं असेल तर तेही याच नियमाने. सुती दोरीची जाड वेणी, काथ्याची नको, हिरड्या सोलते. २०-३० सेकंद ओढाओढ, सावलीत, मग सोडून द्यायला सांगायचं. खेळणं ट्रेलच्या शेवटाखेरीज तिला दिसूच नये. पण खाण्यावर इतकं मन असलेल्या लॅबला उकाड्यात ओढाओढ करून आणखी तापवण्यापेक्षा डबीच बरी. मे महिन्यात तर खेळणं घरीच ठेवा.