प्रबंधाच्या तळटिपांत इबिड., ऑप. सिट. ठेवू की काढू?

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. ठाण्याच्या मिठागरांवर इतिहासाचा प्रबंध लिहितेय. एका प्रकरणात १८८२च्या ठाणे गॅझेटियरचा संदर्भ पानापानावर येतो. गाइड सर म्हणतात इबिड. (म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच संदर्भ), ऑप. सिट. (त्या लेखकाचा आधी दिलेला ग्रंथ) वापर. बरोबरचे म्हणतात हे आता जुनं झालं. कुणाचं ऐकू?

नौपाडा_वाचक:
आधी विद्यापीठाची नियमावली बघ. तिथे शैली ठरवून दिली असेल तर वाद मिटला. एपीए या संदर्भशैलीत इबिड. चालत नाही. शिकागो या दुसऱ्या शैलीने २०१७च्या सतराव्या आवृत्तीत त्याऐवजी आडनाव, छोटं शीर्षक आणि पान द्यायला सुचवलं, बंदी मात्र घातली नाही.

इबिड. लगेच आधीच्या टिपेपुरतंच, आणि त्या टिपेत एकच संदर्भ असेल तरच. खरी गोची पुढे आहे. समज, टीप ४१ गॅझेटियरची, ४२ला 'इबिड.' आणि पान. सर म्हणाले, मध्ये अभिलेखागारातला तो कागद घाल. कागद झाला ४२, तुझं इबिड. सरकलं ४३ला आणि गुपचूप त्या कागदाला जाऊन चिकटलं. वर्ड आकडे बदलतं, अर्थ नाही.

ऑप. सिट. तर सरळ काढ. कॅम्पबेल गॅझेटियरचा संपादक; पण 'कॅम्पबेल, ऑप. सिट.' म्हणजे कुठला खंड? ठाण्याच्या तेराव्या खंडाचेच दोन भाग, शिवाय चौदावा वेगळा, आणि सगळे १८८२चे! परीक्षक काय मागच्या साठ टिपा चाळत बसणार? 'ठाणे गॅझेटियर, खं. १३, भा. १' लिही नि पान टाक.

घोडबंदर_रिटर्न:
झोटेरो घ्या, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. इबिड.वाली शैली निवडली की टिपा हलवल्या तरी ते आपोआप सुधारतं. हाताने टाइप केलेल्या टिपांना मात्र ते शिवत नाही, त्यामुळे अर्धं हे अर्धं ते करू नका.

खाडीकाठची:
प्रबंध मराठीत आहे. मग इबिड.ऐवजी 'तत्रैव' लिहायचं ना? आणि सरांना काय सांगू?

नौपाडा_वाचक:
हो, तत्रैव. भानगड तीच, लिपी बदलून सुटत नाही. सरांशी भांडू नकोस गं, त्यांची सही लागणार आहे. मसुदाभर छोटा संदर्भच ठेव. सगळ्या दुरुस्त्या संपल्या, टिपांची जागा पक्की झाली, की लागोपाठच्या टिपांत तत्रैव भर. त्याआधी एकदा मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, इतिहासाची दोन-चार पुस्तकं काढ आणि नुसती टिपांची पानं वाच. तत्रैवनंतर स्वल्पविराम की नुसतं पान, हे एकदा ठरवून टाक. परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.