मदत हवी आहे: प्रश्नावलीतला उतावळेपणा चाचणीत दिसतच नाही

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधात अडकलोय. बिग फाइव्हमधला (व्यक्तिमत्त्वाच्या पाच मुख्य गुणांपैकी) कॉन्शन्शियसनेस, म्हणजे शिस्त-चिकाटीचा गुण, आणि बॅरटची ३० विधानांची उतावळेपणाची प्रश्नावली आपसांत व्यवस्थित जुळतात: शिस्त जास्त तिथे उतावळेपणा कमी. पण त्याच विद्यार्थ्यांच्या गो/नो-गो (काही खुणांवर बटण दाबायचं, काहींवर हात आवरायचा) आणि स्ट्रूप (रंगाचं नाव वेगळ्याच रंगात लिहिलेलं, ओळखायचा तो अक्षरांचा रंग) चाचण्यांशी दोन्हींचा सहसंबंध जवळपास शून्य.

उलट्या गुणांकनाची विधानं (ज्यांत होकार म्हणजे कमी उतावळेपणा) पुन्हा तपासली. १५० मिलिसेकंदांखालचे प्रतिसाद काढले, सहसंबंधासाठी पिअरसनऐवजी क्रमांकांवर आधारलेला स्पिअरमनही लावून पाहिला. फरक नाही. स्ट्रूप मराठी शब्दांवर (लाल, निळा, हिरवा, पिवळा) घेतली. परिणाम (शब्द आणि रंग जुळत नसताना लागणारा जास्तीचा वेळ) ठळक येतो, पण जवळजवळ सगळ्यांचा सारखाच. घोडं इथेच पेंड खातंय असं वाटतं. हेज, पॉवेल आणि समनर यांनी २०१८ मध्ये हेच मांडलं होतं: जी चाचणी प्रत्येकावर हमखास परिणाम दाखवते, ती माणसामाणसांतला फरक मोजायला कच्ची पडू शकते. सर म्हणतात नमुना लहान आहे. असेल, पण मग प्रश्नावल्या आपसांत कशा जुळल्या?

नवीन डेटा आता घेता येणार नाही. चाचण्यांतल्या प्रत्येक फेरीची वेळ आणि चूक नोंदलेली आहे. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि उतावळेपणा असलेल्या विकाराचं) निदान झालेलं कुणी नमुन्यात नाही. सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरपैकी जामोवी येतं, आर जेमतेम.

तर स्प्लिट-हाफ विश्वसनीयता (चाचणीचे दोन भाग पाडून त्यांचे निकाल किती जुळतात ते) काढून सहसंबंध त्यानुसार दुरुस्त करून दाखवणं पुरेसं आहे, की फेरीनिहाय डेटावर बहुस्तरीय मॉडेलच (माणूस आणि त्याच्या फेऱ्या हे दोन्ही स्तर एकत्र धरणारं) लावावं? आणि स्ट्रूपचे दोन भाग सम-विषम फेऱ्यांनी पाडायचे की यादृच्छिकपणे?