‘मॅकियाव्हेलियन’ हे विशेषण कोणालाही लावावे काय?

धागाकर्ता:
एखाद्याने सहकाऱ्याची चहाडी केली, की त्याला ‘मॅकियाव्हेलियन’ (इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीच्या नावावरून आलेला, कावेबाज अशा अर्थाचा शब्द) ठरवून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे आणि ती मला साफ चुकीची वाटते. चहाडखोर मत्सराच्या भरात वागतो; हा शब्द ज्याला शोभतो तो मात्र दया दाखवायची की क्रौर्य, याचाही थंड डोक्याने हिशेब करतो. इटलीतील सत्ताधीश चेझारे बोर्जाने रोमान्या प्रांतात जरब बसवण्यासाठी रमिरो दे ऑर्को या क्रूर अधिकाऱ्याला मोकळे रान दिले आणि लोक बिथरू लागल्याचे दिसताच, डिसेंबर १५०२ मध्ये, त्याच अधिकाऱ्याच्या देहाचे दोन तुकडे चेसेनाच्या चौकात टाकवले. शेजारी लाकडी ठोकळा आणि रक्ताने माखलेला सुरा होता. काम फत्ते झाले, पाप दुसऱ्याच्या माथी गेले आणि लोक सुखावले तसेच हादरलेही. मॅकियाव्हेलीने राज्यकारभारावरील आपल्या ‘द प्रिन्स’ या ग्रंथात हा प्रसंग अनुकरणीय मानला आहे. किरकोळ लबाडीवर हा शब्द खर्ची घातला, तर अशा कृत्याला काय म्हणायचे?

प्रतिसाद १:
असहमत. शब्दाचा अर्थ तो वापरणारे ठरवतात, आणि इंग्रजीत ‘कपटी’ हा अर्थ सोळाव्या शतकापासूनच रूढ आहे. शिवाय रिचर्ड ख्रिस्ती आणि फ्लॉरेन्स गाइस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हाच गुणविशेष प्रश्नावलीच्या आधारे सामान्य माणसांत मोजला. ज्यांच्याकडे ना राज्य ना सैन्य, त्यांनाही तो लागू पडत असेल, तर कार्यालयातल्या कारस्थान्याला का वगळावे?

प्रतिसाद २:
माझा आक्षेप शब्दावरच आहे. मॅकियाव्हेलीने १४९८ ते १५१२ फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाची चाकरी केली. फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवणारे मेदिची घराणे परतल्यावर त्याचे पद गेले आणि १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून तुरुंगात त्याचे हाल केले गेले. रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासावरील विवेचनात त्याने प्रजासत्ताकाची बाजू हिरिरीने मांडली आहे. अशा माणसाचे नाव शिवीसारखे वापरणे हा अन्याय आहे. ‘कारस्थानी’ किंवा ‘पाताळयंत्री’ म्हणावे.

धागाकर्ता:
अन्याय झाला हे खरे, पण चार शतकांहून अधिक काळ रुळलेला शब्द आता मागे घेता येणार नाही. निदान तो नेमका वापरता येईल. राहिला प्रश्नावलीचा मुद्दा. त्या दोघांनी अशा माणसांचे मुख्य लक्षण म्हणून भावनिक अलिप्तताच सांगितली आहे. सिंहासन हवेच, असे माझे म्हणणे नाही. सहकाऱ्याचा काटा काढताना ज्याच्या मनात त्याच्याविषयी रागही नसतो, त्याला हा शब्द खुशाल लावावा.