मदत हवी आहे: 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बेस गिटारवर बसत नाहीये

मंडळी, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं हे १९८० सालचं गाणं महिनाभर घासतोय. सूर सापडलेत, पण ठसका येत नाही. सुरुवातीच्या तीन 'ई' सुरांनंतर जी रिकामी जागा आहे ना, तिथे माझी तार गुणगुणतच राहते. ती डाव्या हाताने दाबायची की उजव्या तळव्याने?

क्वीनचा बेस वादक जॉन डीकनला ही चाल 'शीक' (Chic) या बँडच्या 'गुड टाइम्स'वरून सुचली, म्हणून त्यातला बर्नार्ड एडवर्ड्सचा बेसही कान देऊन ऐकला. नातं लगेच कळतं, हात मात्र ऐकत नाही. मूळ गाण्यात ड्रमचा लूप (एकच तुकडा पुन्हा पुन्हा) आहे, त्यामुळे लय तसूभर हलत नाही. मी मिनिटाला ११० ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवरही पुढे पळतो. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकलेला, तेवढाच आपला वशिला!) कुणी बसवलंय का?