मदत हवी आहे : गोळी सुरू असलेल्या मुलांचं दुपारचं खाणं

अतिचंचल मुलांच्या खाण्याचा तक्ता बनवतोय, दुपारपाशी गाडं अडलंय. मिथाइलफेनिडेटने (अतिचंचलपणावरची हीच ती गोळी) दुपारी भूक मरते, डबा जसाच्या तसा परत येतो. म्हणून गोळीआधी भरपेट नाश्ता (पोह्यांत शेंगदाणे सढळ, तर्री नको) आणि असर उतरल्यावर, सातच्या सुमारास, नीट जेवण. पण मे महिन्यात, 45 अंशांत, पोरं नुसतं पाणीच मागतात. दोन घासांत भरपूर ऊर्जा देणारं, उन्हात न आंबणारं काय सुचवाल?

वजन 10 वर्षांपर्यंतच्या मुलांचं दर 3 महिन्यांनी, उंची दर 6 महिन्यांनी घ्यायची आहे. उंची सकाळीच, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. संध्याकाळी ती जवळपास सेंटिमीटरभर कमी भरते आणि वाढ खुंटली म्हणून उगाच घाबरगुंडी उडते. भिंतीवर ठोकायची पक्की मोजपट्टी नागपुरात सीताबर्डीत कुठे मिळेल?