आर्थिक सहकार्य जागतिक, मग प्रादेशिक आयोग पाच कशाला?

वाचनवेडी: पेपरसाठी वाचतेय. संयुक्त राष्ट्रांचे पाच प्रादेशिक आर्थिक आयोग आहेत: जिनिव्हा, बँकॉक, सांतियागो, आदिस अबाबा, बैरुत. ‘सर्वसमावेशक, शाश्वत विकास’ पाचही जण घोकतात. मग पाच चुली कशाला?

खतावणी: परकीय चलनाच्या टेबलावर नोकरी काढली, त्यामुळे मी शब्द सोडून पैसा कुठे गेला ते आधी बघतो. ऑगस्ट 2021 मध्ये नाणेनिधीने 650 अब्ज डॉलरचे एसडीआर (देशांच्या गंगाजळीत जमा होणारा, गरजेला डॉलरसारख्या चलनात बदलता येणारा राखीव साठा) वाटले. कोविडचा काळ, हेतू चांगला. पण वाटप कोट्याप्रमाणे, म्हणजे निधीतल्या ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे. ज्याचा कोटा मोठा, त्याचं ताट भरलेलं. अख्ख्या आफ्रिकेला मिळाले साधारण 33 अब्ज. नियम कुणाचं वाईट करायला लिहिलेला नव्हता, तरी आफ्रिकेचा आयोग बसतो त्या आदिस अबाबातून तो वेगळाच दिसतो. श्रीमंत देशांनी पडून असलेले एसडीआर गरजूंकडे वळवावेत, हा आग्रह तिथूनही धरला गेला.

सांतियागोचं, म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या आयोगाचं, तर जुनंच आहे. अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश 1950 ते 1963 तिथले प्रमुख. (आमच्या वेळी हमखास परीक्षेला यायचे.) त्यांचं म्हणणं असं, की कच्चा माल विकून यंत्रं घेणाऱ्याला त्याच यंत्रासाठी पुढेपुढे जास्त पोती मोजावी लागतात. हे पोती विकणाऱ्याच्या बाजूनेच सुचणार! 1964 मध्ये अंकटाड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद) उभी राहिली, तिचे पहिले महासचिव तेच.

तिरकी_नजर: काका, शेजारधर्म पैशापाशी येऊन अडतो. 1997 च्या आशियाई चलनसंकटाचा फटका बसल्यावर पूर्व आशियाने 2000 मध्ये चियांग माई करार केला: अडचणीत एकमेकांना डॉलर पुरवायचे. पुढे रक्कम 240 अब्ज डॉलरवर नेली. आजवर एकदाही उचल नाही. 2008 मध्ये दक्षिण कोरियाला डॉलर हवे होते, तेव्हा 30 अब्जांची स्वॅप लाइन (आपलं चलन देऊन डॉलर उचलायची सोय) दिली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने.

खतावणी: खरं आहे, खोडून काढत नाही. त्यातून मोठी रक्कम उचलायची तर आधी नाणेनिधीचा कार्यक्रम घ्यावा लागतो, आणि 1997 नंतर त्याच दारात पुन्हा जायची कुणाची इच्छा नव्हती. पण त्यातूनच 2011 मध्ये सिंगापूरला ॲमरो ही देखरेख संस्था निघाली. ती दरवर्षी सदस्य देशांची आर्थिक तब्येत तपासते. हे काम बातमीत येत नाही, एवढंच.

वाचनवेडी: मग मी एसडीआरवरच लिहिते. काका, कोटा बदलायला किती मतं लागतात?

खतावणी: 85 टक्के. एकट्या अमेरिकेकडे 16 च्या वर आहेत. वजाबाकी तूच कर.