मदत हवी आहे: १८ पूर्ण होतायत, बालगृह सोडायला सांगितलंय

पानापक्कड: अर्जंट आहे. २४ दिवसांनी मला १८ पूर्ण होतात. सरांनी काल सांगितलं, पेटी आवरून ठेव. अनाथ प्रमाणपत्र किती दिवसांत मिळतं आणि त्यावर राहायची सोय होते का? तहसीलला गेलो तर खिडकीवरच्या माणसाने जातीच्या दाखल्याचा फॉर्म हातात दिला. लवकर सांगा, मोबाईल मित्राचा आहे.

खारीचावाटा: तहसीलचा काही संबंध नाही. ते महिला व बालविकासचे विभागीय उपायुक्त देतात, अर्ज जिल्हा कार्यालयातून जातो. मला आठ महिने लागले. पण त्यावर खोली मिळत नाही, ते शिक्षण-नोकरीतल्या १ टक्का आरक्षणासाठी.

रानपाखरू: पीएम केअर्समधून २३ व्या वर्षी १० लाख मिळतात. आधी ते बघ.

खारीचावाटा: ते कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलांसाठी. त्याने कोविडचं नाव तरी काढलंय का?

निवृत्त_परिविक्षा: कुठल्या गावचा ते राहू दे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने दाखल झालास का? सध्या काय शिकतोस? आईवडील दोघंही नाहीत ना?

पानापक्कड: समितीनेच ठेवलं, तेव्हा सात वर्षांचा होतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दुसरं वर्ष. वडील नाहीत. आई आहे, तिने दुसरं लग्न केलंय. दिवाळीला फोन येतो. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त_परिविक्षा: सगळाच पडतो रे! त्या प्रमाणपत्राला दोन्ही पालक हयात नसावे लागतात. त्याचा नाद सोड. तुला हवंय ते अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यावर राहण्याची आणि पैशांची मदत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४६. तिथे अनाथ असण्याची अटच नाही, १८ पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणारा कुणीही चालतो. २०१६ च्या नियमांत समितीच्या आदेशाने २१ पर्यंत, अपवाद म्हणून पुढे आणखी दोन वर्षं. अनुरक्षण गृह नसेल तर सहा-आठ जणांचं गटनिवासही त्यात आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४००० रुपये धरलेत. आदेश वाढदिवसाच्या आत करून घे. रजिस्टरमधून नाव कमी झालं की आपलीच फाइल शोधत फिरावं लागतं.

कडूनिंब: साहेब, कागदावर सगळं छान असतं. मला पहिले पैसे सात महिन्यांनी आले, तोवर वेल्डिंगच्या दुकानात शटर ओढून झोपत होतो. आणि कायदा 'देता येईल' म्हणतो, 'दिलंच पाहिजे' नाही. पोरा, सरळ पोलीस भरतीला लाग.

पानापक्कड: माझी उंची १६० आहे.

निवृत्त_परिविक्षा: 'देता येईल' आहे म्हणून तर लेखी अर्ज लागतो. तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणतात. अर्जात आयटीआय अर्धवट सुटेल हे पहिल्या ओळीत लिही. बोनाफाईड जोड. एक प्रत समितीला, एक जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. बँक खातं तुझ्या एकट्याच्या नावावर आहे का तेही बघ.

समईवात: आईकडेच का जात नाहीस? शेवटी आई ती आई.

कडूनिंब: ताई, अकरा वर्षं ज्याला कुणी न्यायला आलं नाही त्याला हे विचारू नये.

समईवात: मी चांगल्या मनाने म्हटलं. इथे बोलायचीच सोय नाही.

खारीचावाटा: मुळात आई हयात पण असून नसल्यासारखी, अशांना १ टक्क्यात का घेत नाहीत? यावर वेगळा धागा काढू या.

कडूनिंब: काढा. इथे नको.

पानापक्कड: अर्ज दिला. पोच मागितली तर म्हणाले, पोच कशाला, आम्ही काय पळून जातोय? शिक्का मारेपर्यंत बाकावरून उठलो नाही. मंगळवारी समितीपुढे बोलावलंय. खातं सरांबरोबर जॉइंट निघालं, ते बदलायला टाकलंय. पेटी अजून आवरलेली नाही.

रानपाखरू: छान! मग अनाथ प्रमाणपत्राचं काय झालं?